केस कापताना घाबरणारी मुले : शिक्षकांस व पालकांस काही सूचना

प्राथमिक शिक्षकाचे काम अक्षरओळख व अंकगणित यांपुरते मर्यादित नाही, हे शिक्षकबंधूंस व भगिनींस सांगावयास नकोच. परिपाठाच्या वेळी मुलांची नखे, दात, कपडे व केस पाहण्याची आपल्या शाळांतील पद्धत जुनी आहे आणि ती योग्यही आहे. मात्र या पाहणीत कधी कधी असे एखादे मूल आढळते की, त्याचे केस कानांवर आलेले असतात, मानेवर रुळत असतात, आणि पुनःपुन्हा सांगूनही ते केस कापून येत नाही. अशा मुलास आपण हट्टी म्हणतो, त्याच्या आईबापांस निष्काळजी ठरवतो आणि ‘केस कापल्याशिवाय वर्गात येऊ नकोस’ असे सांगून मोकळे होतो. दुसऱ्या दिवशी ते मूल शाळेत येत नाही. तिसऱ्या दिवशीही येत नाही. हजेरीपटावर गैरहजेरीची खूण होते. तिच्यामागचे कारण मात्र कोठेच लिहिले जात नाही.

त्या घरी जाऊन विचारपूस केली, तर पुष्कळदा निराळीच हकीकत कळते. केस कापण्याचा दिवस उगवला की घरात रडारड सुरू होते. बाप हात धरतो, मामा पाय धरतो, मूल मान हिसडते, कात्री कानाला लागेल या भीतीने न्हावी मागे सरतो, आणि दुकानात बसलेली माणसे ‘दोन थापडा द्या, बसेल गप’ असा सल्ला देतात. असे एकदोनदा झाले म्हणजे ते घर त्या दुकानाची वाट सोडते. केस तर महिन्याला सुमारे एक सेंटिमीटर वाढतच राहतात. तेव्हा वर्षातून सहा-सात वेळा येणारा हा प्रसंग त्या कुटुंबाला एक संकटच होऊन बसतो. लहान मुलांच्या बाबतीत हे घडते, आणि ज्या मुलांस आपण विशेष गरजा असलेली मुले म्हणतो त्यांच्या बाबतीत ते अधिक तीव्रतेने घडते. यावर शिक्षकास करता येण्याजोगे बरेच काही आहे. त्याचा विचार येथे क्रमाने केला आहे.

भीतीची कारणे

केसाला स्वतःला वेदना नसते. तो कापला तर दुखत नाही. परंतु केसाचे मूळ त्वचेच्या आत असते व त्या मुळाभोवती स्पर्श आणि वेदना यांची जाणीव करून देणाऱ्या मज्जातंतूंची टोके असतात. म्हणून केस ओढला गेला तर दुखते, आणि नुसता हलला तरी कळते. बोथट कात्री किंवा धार गेलेले यंत्र केस नीट कापत नाही. त्यांतले काही उपटते. मोठा माणूस हे सोसतो, लहान मुलास ते सोसवत नाही. विजेचे यंत्र कानामागच्या हाडाला टेकले म्हणजे त्याची घरघर हवेतून कानात येते, तशी हाडातूनही आत पोहोचते. जे यंत्र दुकानात बसलेल्या इतरांस मंद वाटते, ते त्या मुलाला डोक्याच्या आत फिरत असल्यासारखे वाटते.

दुसरे कारण भाषेत आहे. ‘कापणे’ हा शब्द मूल प्रथम कोठे ऐकते? भाजी कापताना, आणि ‘बोट कापेल हं’ अशा ताकिदीत. बोट कापले की रक्त येते व दुखते, हे त्याने अनुभवलेले असते. त्याच शब्दाने आता केस कापावयाचे, तेही कात्रीने व वस्तऱ्याने, असे त्याला सांगितले जाते. यात त्याला धोका दिसला तर त्यात त्याच्या बुद्धीचा दोष नाही.

तिसरे कारण असे की, जे चालले आहे ते त्याला दिसत नाही. मानेभोवती कापड आवळलेले, हात त्याखाली अडकलेले, अनोळखी माणूस पाठीमागे उभा, आणि डोक्याला केव्हा कोठे स्पर्श होईल याचा पत्ता नाही. पाण्याच्या फवाऱ्याचा अचानक शिडकावा, पावडरीच्या ब्रशाची गुदगुली, मानेवर टोचणारे बारीक केस, दुकानातील मोठ्याने लावलेली गाणी आणि अत्तराचा दर्प या सर्वांची त्यात भर पडते.

स्वमग्न मुलांच्या बाबतीत या कारणांस विशेष महत्त्व आहे. डॉ. लिओ कॅनर यांनी १९४३ साली अकरा मुलांचा अभ्यास प्रसिद्ध करून या अवस्थेचे वर्णन केले. तिच्या निदानाच्या कसोट्यांत ध्वनी, स्पर्श व वास यांविषयीच्या अतितीव्र किंवा अतिमंद प्रतिक्रियेचा स्पष्ट समावेश मात्र अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या २०१३ सालच्या निदानपुस्तिकेत झाला. म्हणजे ‘याला कात्रीचा आवाजच सहन होत नाही’ असे एखादी आई सांगत असेल, तर तो लाडाचा बहाणा समजू नये. ती एक खरी अडचण सांगत असते.

जावळापासून सुरुवात

पुष्कळ मुलांचा न्हाव्याशी पहिला संबंध जावळाच्या दिवशी येतो. आपल्याकडे मूल मामाच्या मांडीवर बसते, भोवती पाहुण्यांची गर्दी असते, आणि ठरलेल्या घटकेस वस्तरा फिरतो. मग मूल भुकेले असो वा झोपेला आलेले असो. संस्काराचा मान राखूनही हे सुसह्य करता येते. मुलाची झोप व दूध झाल्यावरची वेळ धरावी, गर्दी चार हात दूर ठेवावी, आणि मूल फारच रडू लागल्यास विधीपुरती एखादी बट काढून उरलेले काम दुसऱ्या दिवशी सावकाश करावे. वारंवार मुंडण केल्याने केस दाट येतात, हा समज खरा नाही. मूळ त्वचेच्या आत असते आणि वस्तरा वरच्यावर फिरतो. त्यामुळे मुळांची संख्या वाढत नाही. कापलेले टोक बोथट असल्याने नवे केस राठ भासतात, इतकेच. तेव्हा केवळ दाट केसांसाठी रडणाऱ्या मुलाचे पुन्हा पुन्हा मुंडण करण्याचे प्रयोजन नाही, हे पालकसभेत अवश्य सांगावे.

बळजबरीने काय साधते व काय बिघडते

धरून ठेवून केस कापले तर त्या दिवसापुरते काम होते, हे खरे. परंतु मूल त्यातून एकच गोष्ट शिकते : आपण ‘नको’ म्हटले तरी कोणी ऐकत नाही. पुढच्या वेळी ते दुकान दिसताच, त्याच्या पुढच्या वेळी त्या रस्त्याला वळताच ते रडू लागते. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात, तो असा. शिवाय हलत्या डोक्यावर कात्री चालवणे हे मुलाच्या कानास व डोळ्यास धोक्याचे असते.

फसवणूक तर याहूनही वाईट. ‘चल, खाऊ घेऊ’ म्हणून बाहेर न्यावयाचे आणि खुर्चीवर बसवावयाचे, हा प्रकार म्हणजे मुलाच्या दृष्टीने शब्दशः केसाने गळा कापणेच होय. त्या दिवसापासून ‘खाऊ घेऊ’ या शब्दांवरचा त्याचा विश्वास उडतो. झोपेत केस कापण्याची युक्तीही काही घरी करतात. पण मूल मध्येच जागे झाले तर झोपेचीच धास्ती घेते. गप्प बसावे म्हणून वैद्यकीय सल्ल्यावाचून कोणतेही गुंगीचे औषध तर कदापि देऊ नये.

क्रमाक्रमाने भीती घालवण्याचा मार्ग

भीती पायरीपायरीने कमी होते, हा सिद्धान्त मानसशास्त्रात जुना आहे. मेरी कव्हर जोन्स या अमेरिकन विदुषींनी १९२४ साली तीन वर्षांच्या आतील पीटर नावाच्या एका बालकाचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. ते बालक सशाला भीत असे. त्याला आवडता खाऊ खाताना बसवून ससा प्रथम दूर ठेवण्यात आला, आणि मूल शांत आहे असे पाहून हळूहळू जवळ आणण्यात आला. शेवटी ते बालक सशाशी निःशंकपणे खेळू लागले. येथे दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात : अंतर मुलाच्या सोईने कमी करावयाचे, आणि प्रत्येक पायरीला काहीतरी सुखद जोडलेले असावयाचे.

हाच मार्ग केसांच्या बाबतीत पुढीलप्रमाणे अवलंबावा. पहिले काही दिवस घरी वा वर्गात मुलाच्या हाती कंगवा द्यावा व त्याला तो बाहुलीच्या, मग शिक्षकाच्या किंवा आईच्या केसांतून फिरवू द्यावा. नंतर कंगवा त्याच्या स्वतःच्या केसांतून, त्याच्याच हाताने. त्यानंतर मोठ्या माणसाच्या हाताने. पण ‘आता दहा वेळा फिरवते’ असे सांगून, मोठ्याने मोजून, आणि दहा होताच थांबून. दिलेला शब्द पाळणे हाच या सर्व उपायांचा पाया आहे. दहा म्हणून बारा केले तर पंधरा दिवसांचे श्रम वाया जातात. यानंतर खांद्यावर पंचा, मग ओल्या हाताने केस भिजवणे, मग कात्रीचा आवाज दूरवरून, मग कानाजवळ केस न कापता, आणि सरतेशेवटी एक बट. एका पायरीवर मूल स्वस्थ झाल्यावाचून दुसरीवर जाऊ नये. एखादे मूल आठ दिवसांत शेवटास पोहोचेल, एखाद्याला तीन महिने लागतील. मागे यावे लागले तर तो पराभव मानू नये.

हे काम रोज पाच मिनिटांचे आहे. शिक्षकाने ते स्वतः करावे असे नाही. आईला वा आजीला एकदा समोर करून दाखवावे व आठवड्याने विचारपूस करावी, इतकेही पुरते.

वर्गात करता येण्याजोगी तयारी

मारिया माँटेसरी यांनी १९०७ साली रोममध्ये पहिले बालगृह उघडले. त्यांच्या पद्धतीत केस विंचरणे, हात धुणे, गुंडी लावणे यांसारख्या व्यवहारांस शिक्षणाचे स्थान दिलेले आहे. आपल्या महाराष्ट्रात ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डी येथे आणि पुढे कोसबाडला आदिवासी मुलांसाठी जे बालशिक्षणाचे कार्य केले, त्यातही शरीराची स्वच्छता हा दिनक्रमाचाच भाग होता. ताराबाईंच्या अंगणवाडीच्या कल्पनेचे सार असे की, शाळेने मुलाच्या अंगणात जावे. केसांचा प्रश्न हा अगदी अंगणातलाच प्रश्न आहे. तो शाळेने आपला मानला तर वावगे होणार नाही.

वर्गासाठी एक सोपा उपक्रम सुचवावासा वाटतो. नारळाच्या करवंटीवर खडूने किंवा रंगाने डोळे, नाक व तोंड काढावे. आत माती भरून धान किंवा गहू पेरावा. तिरोडा परिसर धानाचा असल्याने बियाण्यास तोटा नाही. काही दिवसांत अंकुर वर येतात व त्या चेहऱ्याला हिरवे केस फुटतात. ते पुरेसे वाढले म्हणजे मुलांस बोथट टोकाच्या कात्रीने ते कापू द्यावेत. करवंटीतील ‘बाळ’ रडत नाही, रक्त येत नाही, आणि कापलेले पाते थोड्या दिवसांत पुन्हा वाढते. कारण पात्याची वाढ बुडाकडून होते. केसाचेही तसेच असते. ‘मूळ आत आहे, म्हणून दुखत नाही आणि पुन्हा वाढते’ ही गोष्ट व्याख्यानाने जी कळत नाही, ती या करवंटीने कळते. ज्या मुलास भीती वाटते, त्याच्या हाती कात्री प्रथम द्यावी.

दुसरा उपक्रम ‘कटिंगच्या दुकाना’च्या खेळाचा. एक मूल न्हावी, एक गिऱ्हाईक, एक वाट पाहणारे. पुठ्ठ्याची कात्री, कंगवा, जुना पंचा व आरसा एवढे साहित्य पुरे. भिणाऱ्या मुलास प्रथम प्रेक्षक, मग न्हावी आणि शेवटी गिऱ्हाईक होऊ द्यावे. बाहुलीला तणसाचे केस लावले तर खेळात खरीखुरी कात्रीही वापरता येते.

तिसरी गोष्ट चित्रपट्टीची. घरून निघणे, दुकान, खुर्ची, पंचा, कात्री, झटकणे, घरी आंघोळ, आणि नंतर मुलाच्या आवडीचे काही, अशी सात-आठ साधी चित्रे एका पट्टीवर काढून ती मुलास रोज दाखवावी. पुढे काय होणार हे ज्यास कळते, त्याची निम्मी धास्ती कमी होते. हे सांगताना घरची बोली वापरावी. आपल्या भागात पुष्कळ मुलांच्या घरी पोवारी, गोंडी, झाडीबोली किंवा हिंदी बोलली जाते. धीराचा शब्द आईच्या बोलीत असला तरच तो मनाला पोहोचतो. ‘कापणे’ याऐवजी ‘केस लहान करणे’ असे म्हटलेले बरे.

दुकानात जाताना

वेळ निवडून जावे. रविवारी, आणि पोळा, तान्हा पोळा, दिवाळी व मंडई यांच्या तोंडावर दुकानांत गर्दी असते. ते दिवस टाळावेत. ज्या वारी लोक केस कापणे टाळतात, त्या वारी दुकान उघडे असल्यास ते निवांत असते. आदल्या दिवशी जाऊन न्हाव्याशी बोलून ठेवावे. पहिल्या भेटीत मुलाने बाहेरून पाहून यावे, दुसऱ्या भेटीत रिकाम्या खुर्चीवर बसून उतरावे, आणि तिसऱ्या भेटीत काम करावे, असे साधले तर फारच उत्तम.

खुर्चीच्या हातांवर फळी टाकून मुलास उंच बसवण्याची रीत आहे. पण काही मुलांचे पाय लोंबकळले की ती घाबरतात. अशा वेळी वडिलांच्या मांडीवर, किंवा पायाखाली डबा वा पाट ठेवून बसवावे. आरशाने मूल बिथरत असेल तर खुर्ची वळवावी. मानेला आवळणारे कापड नको असल्यास वडिलांचा जुना सदरा उलटा घालावा. फवारा नको, ओला हात फिरवावा. ब्रश नको, ओल्या फडक्याने पुसावे. कित्येक मुलांस हलका, निसटता स्पर्श सोसत नाही. तळहाताचा दाब देऊन डोके धरलेले त्यांस अधिक बरे वाटते. यंत्राचा आवाज सोसत नसेल तर नुसत्या कात्रीने काम करावे. मुलाने हात वर केला की थांबावयाचे, हा संकेत आधी ठरवावा आणि पाळावा. एका बैठकीत काम पुरे झाले नाही तर उरलेले परवावर टाकावे. चार दिवस केस थोडे वेडेवाकडे दिसले तर त्याने कोणाचे काही बिघडत नाही. घरी येताच आंघोळ घालून अंगावरचे बारीक केस धुऊन काढावेत व सदरा बदलावा.

जाण्यापूर्वी डोके पाहून घ्यावे. फोड, खरूज, नायटा किंवा उवांनी झालेल्या जखमा असल्यास आधी औषधोपचार करावा. दुखऱ्या कातडीवर कंगवा फिरला तर धीट मूलही ओरडेल. वस्तरा वापरावयाचा असल्यास पाते नवे असावे, असा आग्रह धरावा. कारण रक्तातून पसरणारे रोग वापरलेल्या पात्याने संक्रमित होऊ शकतात.

निरनिराळ्या अडचणींच्या मुलांसाठी

दृष्टिहीन मुलास स्पर्श करण्यापूर्वी प्रत्येक वेळी तसे सांगावे, आणि कंगवा, ब्रश व बंद यंत्र त्याच्या हाती देऊन ओळखू द्यावे. कर्णबधिर मुलाचे श्रवणयंत्र केस कापताना काढावे लागते. म्हणून सर्व सूचना आधीच खुणांनी व चित्रांनी द्याव्यात आणि ओळखीचे माणूस त्याच्या समोर उभे राहावे. मेंदूच्या पक्षाघाताच्या मुलास मान व पाठ यांना आधार लागतो. अचानक आवाजाने त्याचे अंग दचकून ताठ होऊ शकते, तो त्याचा अडेलपणा नव्हे. डाऊन लक्षणसमूह असलेल्या काही मुलांच्या मानेचे सांधे सैल असतात, म्हणून त्यांची मान जोराने वाकवू नये. बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलास लहान वाक्यांत, त्याच क्रमाने, त्याच शब्दांत पुनःपुन्हा सांगावे.

जे मूल डोके आपटून घेते, श्वास रोखून धरते किंवा ज्याची भीती केसांपुरती न राहता आंघोळ, कपडे व जेवण यांपर्यंत पसरली आहे, त्याच्या बाबतीत शिक्षकाने स्वतःच्या उपायांवर विसंबू नये. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली सुरू झाला. त्याखाली शाळा व अंगणवाड्यांत तपासणीसाठी येणाऱ्या वैद्यकीय पथकास ते मूल दाखवावे, व गट साधन केंद्रातील विशेष शिक्षकांचा सल्ला घ्यावा.

मुलींच्या बाबतीत

मुलींचा प्रश्न बहुधा विंचरण्याचा व वेण्यांचा असतो. गुंता सोडवताना केस गुंत्याच्या वरच्या बाजूस मुठीत घट्ट धरावेत, म्हणजे ओढ मुळापर्यंत जात नाही. आणि टोकाकडून सुरुवात करून मुळाकडे यावे. आवळून घातलेल्या दोन वेण्या ज्या मुलीस सोसत नाहीत, तिला सैल वेणीची किंवा आखूड केसांची मोकळीक असावी. उवा झाल्या म्हणून मुलीच्या मनाविरुद्ध तिचे मुंडण करणे, किंवा वर्गासमोर तिच्या केसांचा उल्लेख करणे, हे सर्वथा अनुचित होय. उवांसाठी औषध व बारीक दातांची फणी आहे. अपमानासाठी औषध नाही.

न्हाव्याचे सहकार्य

आपल्या खेड्यांत पूर्वी न्हावी धोकटी घेऊन घरी येत असे, अंगणात वा ओट्यावर बसत असे, आणि सुगीला त्याच्या वाट्याचे धान्य त्याला मिळत असे. मूल आपल्याच अंगणात, आजीच्या समोर, ओळखीच्या माणसाच्या हाताखाली असे. ती व्यवस्था गेली आणि तिच्यातील उच्चनीच भाव गेला तर बरेच झाले. पण मुलाच्या सोईने बसण्याची तिच्यातली रीत घेण्याजोगी आहे. २०१५ साली वेल्समधील ब्रिटन फेरी या गावी एका न्हाव्याने एका स्वमग्न मुलाचे केस कापण्यासाठी स्वतः जमिनीवर आडवे होऊन काम केले, व त्याचे छायाचित्र जगभर पाहिले गेले. जमिनीवर बसून केस कापणे आपल्याकडील कारागिराला नवीन नाही; त्याला फक्त तसे सांगणारे कोणी हवे.

न्हाव्याचा वेळ ही त्याची मजुरी आहे. ज्या मुलास दुप्पट वेळ लागतो, त्याच्या पालकांनी अधिक मोबदला देऊ करावा. ज्यांस ते परवडत नाही, त्यांच्यासाठी शाळा व्यवस्थापन समितीने गावातील नाभिक बांधवांशी विचारविनिमय करून महिन्यातील एखादी निवांत वेळ ठरवावी. त्यांना एकदा शाळेत पाहुणे म्हणून बोलवावे. त्यांनी आपली हत्यारे दाखवावीत, एखाद्या शिक्षकाचे केस मुलांसमोर कापावेत व मुलांचे प्रश्न ऐकावेत. संत सेना महाराजांच्या या व्यवसायाचा त्यामुळे मुलांच्या मनात आदरही वाढेल.

शाळेचा नियम आणि मुलाचा मान

स्वच्छतेचा नियम असावा. परंतु नियमासाठी मूल शाळेबाहेर राहू नये. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा अधिकार अधिनियम २००९ सालचा असून तो १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. त्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांस मनाई केली आहे. वर्गात शिक्षकाने मुलाच्या केसांवर कात्री चालवणे, किंवा केसांवरून त्यास रांगेबाहेर उभे करणे, हे या मनाईच्या अर्थाबाहेर राहू शकत नाही. दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम, २०१६ यानेही अशा मुलांस भेदभावावाचून शाळेत घेण्याची व त्यांच्या गरजेनुसार सोय करण्याची जबाबदारी शाळांवर टाकली आहे. शिवाय काही घरी नवसाचे केस राखलेले असतात, शीख कुटुंबांत केस न कापणे हा धर्माचार असतो. तेव्हा मुलास काही बोलण्यापूर्वी घरी विचारावे, हे उत्तम.

खुर्ची नाकारली जाणे म्हणजे काय, हे महाराष्ट्राला ठाऊक आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या बालपणाच्या आठवणींत नमूद केले आहे की, साताऱ्यास न्हावी होते आणि पैसे देण्याची घरची ऐपतही होती. तरीही अस्पृश्याचे केस कापावयास कोणी तयार नसल्यामुळे थोरल्या बहिणीलाच भावांचे केस कापावे लागत, व करता करता ती त्यात तरबेज झाली. ती अस्पृश्यता संविधानाच्या सतराव्या अनुच्छेदाने नष्ट केली. तिची तुलना दुसऱ्या कशाशी करू नये. परंतु गावातील प्रत्येक मुलास गावातील खुर्चीवर इतरांसारखे बसता आले पाहिजे, हा धडा त्यातून सर्वांनीच घ्यावयाचा आहे. आज जे मूल ‘याला आणू नका, हा फार ओरडतो’ असे ऐकून परत फिरते, त्याची आईही घरी कात्री घेऊन बसते.

म्हणून शिक्षकांस विनंती अशी की, या महिन्यात आपल्या वर्गातील एक असे मूल हेरावे. त्याच्या केसांविषयी वर्गात काही न बोलता त्याच्या घरी जावे, कारण समजून घ्यावे, आणि वर सांगितलेली पहिली पायरी, म्हणजे त्याच्या हातात कंगवा देण्याची, सुरू करावी. काय केले, किती दिवस लागले व कोठे अडले, याची नोंद वहीत ठेवावी आणि केंद्रातील शिक्षण परिषदेत ती सहकाऱ्यांपुढे मांडावी. एका शिक्षकाचा अनुभव दहा शाळांच्या उपयोगी पडतो. दरम्यान त्या मुलाचे केस लांब असले तरी त्याची वर्गातील जागा त्याचीच असली पाहिजे. हजेरी प्रथम, केस मागाहून.